फटफटीची वाट आणि वेग : यंत्राने मोजावे कसे, माणसाने ताडावे कसे



वसंतातल्या व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, संतवाङ्मय, फार तर कापसाचे अर्थकारण, अशा विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. त्या पंक्तीत फटफटीच्या चाकाला तार कशी जोडावी हा विषय घेऊन बसणे काहींना विक्षिप्तपणाचे वाटेल. परंतु माझे सारे शिक्षण गॅरेजात, मालमोटारींच्या अड्ड्यावर आणि संघटनेच्या कचेरीत झालेले आहे, आणि तेथे एक गोष्ट मला वारंवार दिसली. ज्या यंत्राच्या आकड्यावर माणसाचे बक्षीस, दंड किंवा पगार ठरतो, ते यंत्र हा आकडा आणते कोठून, हे त्या माणसाला बहुधा ठाऊक नसते. रॅलीचा मोटारसायकलस्वार याला अपवाद आहे. आपले मापयंत्र कसे बसवले आहे हे तो जाणतो, ते स्वतः ताडून पाहतो आणि मगच त्यावर विसंबतो. म्हणून आज त्याच्या फटफटीची पाहणी आपण नटबोल्टांपर्यंत जाऊन करू.

प्रथम रॅली म्हणजे काय ते पाहू. शर्यत म्हटली की गोल धावपट्टी आणि सर्वांच्या पुढे कोण एवढाच प्रश्न डोळ्यांसमोर येतो. रॅलीत धावपट्टी नसते. एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामास रानातून, वाळूतून, कोरड्या नदीच्या पात्रातून जावयाचे असते. स्वार एकामागून एक, काही मिनिटांच्या अंतराने सोडले जातात. पुढची वाट त्यांनी पाहिलेली नसते. तेव्हा स्वाराला क्षणोक्षणी तीन प्रश्न पडतात : मी किती आलो, माझे तोंड कोणत्या दिशेला आहे, आणि मी किती वेगाने चाललो आहे. या तीन प्रश्नांची उत्तरे देणारी सामग्री गाडीवर बसविणे, हाच आपला विषय.

या प्रश्नांचे मोल जिवाइतके आहे. १९७७ साली थिएरी साबीन नावाचा फ्रेंच स्वार आबिजान ते नीस या रॅलीत लिबियाच्या वाळवंटात वाट चुकला आणि मरता मरता वाचला. त्यानेच पुढे पॅरिस ते डाकार ही रॅली काढली. तिची पहिली फेरी २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून निघाली. पुढे ती आफ्रिका सोडून २००९ साली दक्षिण अमेरिकेत गेली आणि २०२० पासून सौदी अरेबियात भरू लागली. नाव मात्र डाकारच राहिले. आपला देशही या खेळाला परका नाही. १९६८ साली लंडन ते सिडनी या मोटारींच्या स्पर्धेचा पहिला मोठा टप्पा मुंबईस संपला, व तेथून मोटारी बोटीने ऑस्ट्रेलियाकडे गेल्या. १९८० साली मुंबईच्या नझीर हुसेन यांच्या पुढाकाराने हिमालयन रॅली सुरू झाली. बंगळूरचे सी. एस. संतोष यांनी २०१५ साली डाकार रॅली पुरी केली. ती मोटारसायकलवर पुरी करणारे ते पहिले भारतीय. २०२४ साली केरळचे हरित नोआ यांनी तिच्या रॅली-२ या गटात पहिला क्रमांक मिळविला. ज्या ऑस्ट्रियन केटीएम कंपनीच्या गाड्यांनी २००१ पासून २०१९ पर्यंत मोटारसायकलींचे प्रत्येक अजिंक्यपद घेतले, त्या कंपनीत पुण्याच्या बजाज ऑटोने २००७ पासून भांडवल घातले, आणि तिच्या लहान गाड्या चाकणच्या कामगारांच्या हातून तयार होऊ लागल्या. म्हणजे घामाच्या नात्याने हा विषय महाराष्ट्राच्या अंगणातलाच आहे.

आता स्वाराच्या हाती काय असते ते पाहू. त्याला एक मार्गपुस्तिका मिळते. पुष्कळ वर्षे ती कागदाची लांब गुंडाळी असे. एका पेटीत दोन रुळांवर ती गुंडाळलेली असे आणि हँडलवरची कळ दाबली की पुढे सरके. अलीकडे मोठ्या स्पर्धांत पडद्यावरची पुस्तिका आली आहे, पण रीत तीच. प्रत्येक ओळीत तीन घरे असतात. पहिल्या घरात अंतर, मधल्या घरात वळणाचे छोटे चित्र, तिसऱ्या घरात सूचना : येथे दगड आहे, येथे नाला आहे, येथून पुढे अमुक अंशाच्या दिशेने जा. समजा, आपल्या जिल्ह्यात घाटाखाली एखादी पुस्तिका लिहिली, तर तिच्यात असे येईल : ‘चाळीस किलोमीटर, दोनशे मीटर. लिंबाच्या झाडाशी डावी गाडवाट. पुढे ओढा, सावकाश.’

आता हिशेब पाहा. स्वाराचे यंत्र शेकडा एक चुकत असेल तर चाळीस किलोमीटरांत चारशे मीटरांचा फरक पडतो. घाटाखालच्या काळ्या रानात चारशे मीटरांत तीन गाडवाटा फुटलेल्या असतात, आणि प्रत्येकीच्या तोंडाशी लिंब असतो. यंत्र चुकले की डोळेही चुकतात, कारण मनुष्य आकड्याला जुळेल ते झाड शोधू लागतो. शिवाय ‘पुढे ओढा’ ही सूचना चारशे मीटर उशिरा वाचली, तर ती वाचण्याआधीच स्वार ओढ्यात पडलेला असतो.

मग साध्या फटफटीवर कंपनीने बसविलेला काटा पुरत नाही काय? त्याची रचना पाहिली म्हणजे उत्तर मिळते. जर्मनीच्या ऑटो शुल्झे यांनी १९०२ साली ज्याचे पेटंट घेतले तो वेगदर्शक काटा असा : पुढच्या चाकाच्या तुंब्यातून एक पिळाची तार वर येते, ती चाकाबरोबर फिरते आणि डब्यातला लोहचुंबक फिरविते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. फिरत्या चुंबकामुळे वाटीत वीज उत्पन्न होते, वाटी त्याच्यामागे ओढली जाते, आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जेथे थांबेल तो वेग. युक्ती सुंदर आहे. शंभर वर्षे तिने जगाची सेवा केली. परंतु स्प्रिंग ढिली पडते, चुंबक क्षीण होतो, तार गंजते. शिवाय खऱ्या वेगापेक्षा काट्याने कमी दाखवू नये, थोडे अधिक दाखविले तर चालेल, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. रस्त्यावर तो हिताचाच आहे. परंतु रॅलीत थोडे अधिक म्हणजे चुकीचे.

म्हणून रॅलीच्या गाडीवर वेगळी तजवीज करतात. चाकावर एक लहान चुंबक बसवितात, आणि त्याच्यासमोर न फिरणाऱ्या भागावर एक संवेदक, ज्याला आपण सेन्सर म्हणतो. चाकाचा एक फेरा झाला की चुंबक सेन्सरसमोरून एकदा जातो आणि तारेतून विजेचा एक ठोका वर जातो. या सेन्सरचे मूळ १८७९ साली एडविन हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याने लावलेल्या शोधात आहे. वीज वाहत असलेल्या पातळ पत्र्याजवळ चुंबक आणला की पत्र्याच्या दोन कडांमध्ये किंचित दाब निर्माण होतो, असे त्याला आढळले. त्या दाबावरच आजचा सेन्सर ठोका देतो. वरचा डबा दोनच कामे करतो : ठोके मोजतो, आणि दोन ठोक्यांमध्ये किती वेळ गेला ते पाहतो. ठोक्यांना चाकाच्या घेराने गुणले की अंतर मिळाले. घेराला वेळाने भागले की वेग मिळाला. ध्यानात ठेवा, यंत्राला रस्ता दिसत नाही. त्याला केवळ फेरे कळतात. बाकीचे सारे आपण त्याला सांगितलेल्या घेरावर उभे आहे.

आता बसविण्याचे काम. सेन्सर पुढच्या चाकाला लावावा, मागच्या नव्हे. मागच्या चाकाला इंजिनाचा जोर असतो. वाळूत किंवा चिखलात ते जागच्या जागी फिरते, आणि गाडी हलली नाही तरी यंत्र अंतर मोजत राहते. पुढचे चाक ढकलले जाते, म्हणून जमिनीशी ते अधिक प्रामाणिक असते. अगदी निर्दोष तेही नव्हे : जोराचा ब्रेक लागून ते घसरत गेले तर अंतर कमी मोजले जाते, आणि उडीत ते हवेत असते तेव्हा जमिनीचा हिशेब त्याला लागत नाही.

चुंबक ब्रेकच्या तबकडीच्या बोल्टाच्या माथ्यात किंवा तुंब्यावर पक्का बसवावा. सेन्सर ब्रेकच्या पकडीजवळ पत्र्याच्या मजबूत पट्टीवर घ्यावा. दोहोंमध्ये दोन-तीन मिलिमीटरांची फट असावी, आणि सेन्सर बनविणाऱ्याने जे अंतर सांगितले असेल ते अंतिम मानावे. फट अधिक झाली तर काही ठोके गळतात. कमी झाली तर चाकाच्या लटपटीने चुंबक सेन्सरला घासून तोडतो. चाक हाताने सावकाश फिरवून, एका फेऱ्याला एकच ठोका पडतो ना, हे दहा वेळा पाहावे. पट्टी लेचीपेची असेल तर गाडी उभी असताना सारे ठीक दिसते आणि खडबडीत वाटेवर आकडे नाचू लागतात. पुष्कळदा मिस्त्री यंत्राला दोष देतो, आणि दोष एका पातळ पट्टीचा असतो.

तार ब्रेकच्या नळीच्या सोबतीने वर न्यावी. या गाड्यांचा पुढचा फोर्क वीतभराहून अधिक दबतो व उघडतो. तेव्हा फोर्क पूर्ण उघडला असता तार ताणली जाऊ नये, आणि पूर्ण दबला असता चाकात अडकू नये, इतकी सैल ठेवावी. हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून तेच पुन्हा पाहावे. ठिणगीच्या प्लगच्या जाड तारेपासून ही तार दूर ठेवावी. नाही तर प्लगची प्रत्येक ठिणगी या तारेत खोटा ठोका पाडते, आणि इंजिन जोरात फिरले की स्वार उभ्या जागी किलोमीटर चालतो. जोड रबरी टोपीने बंद करावेत. घाटाखालची काळी माती जूनच्या पहिल्या पावसात चाकाला कशी लपेटते हे आपणास सांगावयास नको. ती वाळली की दगड होते आणि सेन्सरच उखडून नेते. म्हणून सेन्सर पकडीच्या आडोशाला, मागच्या अंगाला घ्यावा.

वर, हँडलच्या पुढे, गाडीच्या सांगाड्यालाच एक उभी चौकट जोडतात. तिच्यावर मार्गपुस्तिकेची पेटी, तिच्या वरच्या कडेला अंतराचा डबा व दिशेचा डबा, आणि आयोजकांनी दिलेले उपग्रहयंत्र बसते. उभ्याने गाडी चालविणाऱ्या स्वाराला मान न वाकविता सारे दिसले पाहिजे. डब्यांखाली रबर द्यावे, कारण सततच्या थरथरीने जोड सुटतात. बॅटरीपासून या सामग्रीची वेगळी तार व वेगळा फ्यूज असावा, म्हणजे पुढचा दिवा जळाला तरी वाट जळणार नाही. डाव्या अंगठ्याजवळ कळांचा एक संच असतो. एका कळीने पुस्तिका सरकते, दुसरीने अंतर मागेपुढे दुरुस्त होते. ही कळ फार महत्त्वाची आहे. पुस्तिकेत लिहिलेली खूण निश्चित ओळखली, म्हणजे स्वार यंत्राचा आकडा तिच्याशी जुळवून घेतो. यंत्राला सुधारण्याचा अधिकार तो आपल्या अंगठ्याखाली ठेवतो.

आता घेराचा प्रश्न. रॅलीच्या गाडीचे पुढचे चाक बहुधा एकवीस इंची असते. नव्वद मिलिमीटर रुंदीचा नेहमीचा टायर त्यावर चढविला तर घेर सुमारे २१८५ मिलिमीटर येतो. समजा, कोणी अंदाजाने २१५० लिहिले. शंभर किलोमीटर गेल्यावर यंत्र ९८.४ दाखवील, म्हणजे सोळाशे मीटरांची चूक. उलट, घेर अचूक लिहिला, पण टायरची जाडी पाच मिलिमीटर झिजली, तर खरा घेर सुमारे २१५४ उरतो आणि यंत्र शंभराच्या जागी १०१.४ दाखविते. म्हणजे यंत्राला काहीही न होता, केवळ रबर झिजल्याने, आकडा बदलतो. हवा कमी असली, स्वार जड असला, तरीही थोडा फरक पडतो.

म्हणून घेर पुस्तकातून घेऊ नये, मोजावा. रीत अशी. टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करावी. स्वाराने नेहमीच्या सामानासह गाडीवर बसावे. दोघांनी गाडी सरळ रेषेत ढकलावी, चाकाचे दहा फेरे मोजावेत, आणि टेपने अंतर मोजून दहाने भागावे. एका फेऱ्यातली बोटभर चूक दहा फेऱ्यांत विभागली जाते. त्यानंतर खरी परीक्षा रस्त्यावर. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडावर आंधळा भरवसा ठेवू नये. वळणरस्ता झाला, रस्ता रुंद झाला, तरी जुना दगड पुष्कळदा जेथल्या तेथे राहतो. रॅलीत यावर चांगला तोडगा आहे. आयोजक एक ठरावीक पट्टा मोजून देतात आणि सांगतात, आमच्या गाडीने हा इतका भरला. प्रत्येक स्वार त्या पट्ट्यावर जाऊन आपले यंत्र त्याच्याशी जुळवितो. तेथे अखेरचे माप एकट्या आयोजकाच्या खिशात नसते, एकट्या स्वाराच्याही नसते. दोघांनी एका जमिनीवर उभे राहून ते मान्य केलेले असते.

आता कोणी म्हणेल, उपग्रह असताना चाकाची एवढी उठाठेव कशाला? अमेरिकेचे जीपीएस १९९५ साली पूर्ण झाले. २ मे २००० पासून त्यातली मुद्दाम ठेवलेली चूकही काढून टाकण्यात आली. आपल्या इस्रोने १ जुलै २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून स्वतःच्या मालिकेतला पहिला उपग्रह सोडला. त्या मालिकेला पुढे ‘नाविक’ असे नाव मिळाले. चार उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांना किती वेळ लागला यावरून आपली जागा निघते. वेग काढण्याची रीत आणखी गमतीची आहे. नांदुऱ्याच्या किंवा शेगावच्या फाटकाशी उभे राहा. गाडी जवळ येताना शिट्टीचा सूर चढा असतो, पुढे निघून जाताच तो उतरतो. उपग्रहाच्या लहरींचाही सूर असाच किंचित चढतो-उतरतो, आणि त्यावरून यंत्र वेग ओळखते. टायर झिजला काय, हवा गेली काय, उपग्रहाला त्याचे काही नाही.

परंतु उपग्रहाचे उणे वेगळे आहे. लोणारचे सरोवर आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याच्या विवराचा व्यास सुमारे अठराशे मीटर. मोजणीचे चाक हाती धरून कोणी काठाने पायी एक प्रदक्षिणा घातली, तर चाक साडेपाच किलोमीटरांहून अधिक दाखवील. सुरुवातीच्या व शेवटच्या जागा उपग्रहाला विचाराल तर तो म्हणेल, अंतर शून्य. दोघेही खरे बोलतात; प्रश्न निराळे आहेत. चाक चाललेली वाट सांगते, उपग्रह असलेली जागा सांगतो. उपग्रहालाही वाट मोजता येते, पण ती ठिपके जोडून. यंत्र सेकंदाला एक ठिपका घेत असेल, तर बुलढाण्याहून राजूर घाट उतरताना वळणाच्या दोन टोकांवर दोन ठिपके पडतात, आणि त्यांमधली सरळ रेघ वळणच कापून टाकते. उंच कड्याच्या कुशीत आकाश अर्धे झाकले जाते; तेथे ठिपकाही हलतो. आणि गाडी उभी असेल तर या यंत्राला तोंड कोणीकडे आहे ते सांगता येत नाही, कारण त्याला दिशा चालण्यातून कळते.

उभ्या गाडीची दिशा होकायंत्र सांगते. आपल्या भागात चुंबकाची उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, हे आपले भाग्य. परंतु इंजिनाचे लोखंड आणि विजेच्या तारा चुंबकसुईला भुलवितात, म्हणून असे यंत्र त्यांपासून शक्य तितके दूर बसवावे लागते. दिशेच्या चुकीचाही हिशेब करून ठेवण्यासारखा आहे : पाच अंश चुकून दहा किलोमीटर सरळ गेलो, तर मुक्कामापासून साडेआठशे मीटरांहून अधिक बाजूला पोचू. म्हणून शहाणा स्वार चाकाचा डबा आणि उपग्रहाचा डबा दोन्ही ठेवतो. दोन्ही जुळले तर पुढे जातो. फरक पडू लागला तर थांबून विचार करतो : पट्टी सैल झाली, की टायर बसला, की वळणांनी ठिपके खाल्ले? दोन साक्षीदार असले म्हणजे एकाची उलटतपासणी करता येते.

आयोजकांचे यंत्र मात्र निराळ्या हेतूचे असते. ते स्वाराला वाट दाखवीत नाही. वाटेवरची ठरलेली ठिकाणे त्याने गाठली की नाही हे नोंदविते. पुष्कळ ठिकाणांचा बाण तर अगदी जवळ गेल्यावाचून उमटतच नाही, म्हणजे शोधणे स्वारालाच भाग आहे. गावांजवळ आणि धोक्याच्या जागी वेगाची हद्द घातलेली असते. तिच्यात शिरताच यंत्र सूचना देते, वेग वाढला की नोंद होते, आणि त्याबद्दल दंड बसतो. २०२३ सालच्या डाकार रॅलीत दोन आठवड्यांच्या धावपळीनंतर अर्जेंटिनाच्या केविन बेनाविदेसने ऑस्ट्रेलियाच्या टोबी प्राइसला अवघ्या ४३ सेकंदांनी मागे टाकले. जेथे एवढ्यावर निकाल लागतो, तेथे एका लहान दंडाने सारे पालटू शकते. तरीही तेथील स्वार वेगमोजणीला विरोध करीत नाहीत, कारण हद्दीत असताना आपला वेग त्यांना स्वतःच्या डोळ्यांसमोर दिसतो, आणि निर्णय पटला नाही तर पंचांकडे दाद मागता येते.

आता हीच सामग्री आपल्या रस्त्यावर आणून पाहू. मालमोटारींना व प्रवासी गाड्यांना वेगनियंत्रक आले. १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदल्या जाणाऱ्या बसगाड्या व टॅक्सींना, गाडी कोठे आहे हे कळविणारे यंत्र आणि संकटकाळी दाबावयाची कळ बंधनकारक झाली. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग खुला झाला, आणि ५ जून २०२५ रोजी तो मुंबईच्या बाजूस पुरा झाला. आपल्या मेहकर आणि सिंदखेड राजा तालुक्यांतून तो जातो. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजाजवळ याच मार्गावर खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि पंचवीस माणसे गेली. त्या रात्रीनंतर आपल्या जिल्ह्यात तरी कोणी वेगमोजणी नको असे म्हणू नये. मीही म्हणत नाही. मोजणी हवीच. प्रश्न इतकाच की ती रॅलीच्या रीतीने व्हावी की सावकाराच्या वहीच्या रीतीने. सावकाराची वही ऋणकोला दाखविली जात नसे. अंगठा मात्र त्याचा असे.

आमच्या संघटनेकडे एक प्रकरण आले होते. एका मालकाच्या गाडीवरील चालकाच्या पगारातून अतिवेगाबद्दल महिनोमहिने कपात होत होती. चालक सांगे, मी हद्द ओलांडली नाही. वही सांगे, ओलांडली. चालक खोटा की यंत्र खोटे, यावर कचेरीत आवाज चढले. आम्ही एवढेच मागितले की मोजलेल्या दहा किलोमीटरांवर गाडी दोन्ही पक्षांसमोर चालवावी. चालविली, तेव्हा यंत्राने दहा किलोमीटर सातशे मीटर दाखविले. यंत्र बिघडलेले नव्हते. गाडीला पुढे वेगळ्या मापाचे टायर चढले होते, आणि घेराचा आकडा जुन्याच टायरांचा राहिला होता. ऐंशीच्या वेगाला ते पंच्याऐंशीहून अधिक म्हणत होते. कपात परत मिळाली. त्या दिवशी चालकाच्या बाजूने खडू, टेप आणि भागाकार हे तीनच साक्षीदार होते, आणि ते पुरेसे ठरले.

यावरून मागणी साधी निघते. पहिली, जे यंत्र चालकाला मोजते त्याचा आकडा गाडी चालत असतानाच चालकाला दिसला पाहिजे. महिन्याच्या शेवटी कागदावर नव्हे. दुसरी, टायर बदलला की घेर पुन्हा मोजून त्याची नोंद गाडीच्या कागदांत झाली पाहिजे. तिसरी, प्रत्येक आगाराजवळ व मोठ्या अड्ड्याजवळ एक मोजलेला पट्टा असावा, जेथे दोन्ही पक्षांनी जाऊन यंत्र ताडून पाहावे. यांतली एकही मागणी सुरक्षिततेच्या आड येत नाही. उलट, आकडा खरा आहे अशी खात्री पटली म्हणजे चालक त्याला शत्रू न मानता सोबती मानतो.

आणि जे यंत्र मोजत नाही त्याचेही भान असावे. चालकाने किती तास झोप घेतलेली नाही, हे चाकाच्या फेऱ्यांतून कळत नाही. मोटार परिवहन कामगारांच्या १९६१ सालच्या कायद्याने सामान्यतः दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती. अशी मर्यादा माणसांनीच मोजावी लागते, आणि तिच्यासाठी उपग्रहाची गरज नाही. हजेरीपुस्तक खरे लिहिले तरी पुरे.

खामगाव, मलकापूर, चिखली, बुलढाणा येथील गॅरेजांत काम करणाऱ्या मुलांना अखेरीस एक सांगावेसे वाटते. सार्वजनिक रस्त्यावर फटफटी उधळण्यात कसलेही शौर्य नाही. रॅली ही परवानगीच्या, बंदोबस्ताच्या वाटेवरची विद्या आहे. तिच्यातले खरे शिकण्यासारखे शिकावयाचे तर वेगाची गरजही नाही. घरची सायकल घ्या. पुढच्या चाकाच्या आऱ्याला एक चुंबक बांधा, समोर स्वस्तातला सेन्सर लावा, खडूने खूण करून दहा फेरे मोजा, आणि शाळेच्या मैदानावर टेपने मोजलेल्या शंभर मीटरांशी आकडा ताडून पाहा. जुळला नाही तर का जुळला नाही ते शोधा. हे ज्याला एकदा साधले, त्याच्यासमोर पुढे आयुष्यात कोणीही कसलाही आकडा आणून ठेवला, तरी तो आधी विचारील : घेर किती धरला होता, आणि तो कोणासमोर मोजला?